पुठ्ठ्याच्या मुकुटातला धर्मबाप

कुमोशिन, १४ जून १९७०

व्हालेंती,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो. पत्र असंच सुरू करायचं हे आईनं शिकवलं म्हणून लिहिलं, तुझ्याबद्दल माया उतू चाललीय म्हणून नाही. आई गेली तेव्हा तू शिकागोहून छापील कार्ड पाठवलंस. वर सोनेरी फुलं आणि आत कुण्या भलत्यानंच इंग्रजीत लिहिलेलं दुःख. ते मी आल्या पावली परत धाडलं. तेव्हापासून तूही गप्प, मीही गप्प. तू धाकटा असून हट्टी आणि मी थोरली असून हट्टी, आणि तुझ्यापेक्षा माझं जास्त वाईट दिसतं हे मला कळतं.

आज लिहितेय ते काम पडलं म्हणून. उगाच आडपडदा कशाला?

यंदा काझिमिएश राजाला जाऊन सहाशे वर्षं होतात. आपल्या सरकारला सगळ्या राजांत हा एक चालतो. बाकीचे सगळे गरिबांचं रक्त पिणारे, हा मात्र शेतकऱ्यांचा राजा: लाकडाचा देश हाती घेतला आणि दगडविटांचा करून ठेवला, कायदे लिहवून घेतले, विद्यापीठ काढलं. म्हणून सप्टेंबरात सुगीच्या सणाला आपल्या मैदानावर त्याचं नाटक आहे. राजा कोण, तर आमच्या ग्रामसमितीचे अध्यक्ष एडमुंड ग्विझ्दावा. तू त्यांना ओळखत नाहीस. पक्षानं आठ वर्षांपूर्वी बाहेरून आणून बसवलेला माणूस. पोट राजाचं आहे, बाकी आनंद आहे. वाचनालयातल्या मुली त्यांच्यासाठी पुठ्ठ्याचा मुकुट करतायत. दोनदा केला, दोन्ही वेळा डोक्याला लहान झाला.

तुला हसू येईल, पण गावाचा शेवटचा राजा तूच आहेस. अडतीस सालच्या जत्रेत बाबांचा जुना कोट उलटा घालून आलास आणि विधवा कुनेगुंडाचं मूल उचललंस. पुढल्या वर्षी लढाई पेटली, जर्मनांनी तुला मजुरीला नेलं, आणि सुटल्यावर घरी यायच्या ऐवजी तू आणखी पुढे गेलास. त्यानंतर गावात कुणी राजा झालं नाही.

आपल्याकडे राजा म्हणजे मुकुट नव्हे, हे तिथं राहून विसरला असशील. शिकारीत वाट चुकलेला काझिमिएश राजा फाटक्या कोटात इथल्या एका कुळाच्या झोपडीत आला. घरात तान्हं मूल होतं, पण बाप्तिस्म्याला त्याची जबाबदारी घेऊन उभा राहणारा धर्मबाप मिळत नव्हता. बापानं जहागिरीच्या कारभाऱ्याशी भांडण केलेलं, आणि कारभाऱ्याच्या धाकानं एकही माणूस पुढे येईना. तो फाटका पाहुणा म्हणाला, मी उभा राहतो. बाप्तिस्मा झाला, सगळं आटोपलं, मग कारभाऱ्याला कळलं की आपण कुणाकडे डोळे वटारून बघत होतो. खरं किती, खोटं किती, त्या राजालाच ठाऊक. पण तेव्हापासून जत्रेचा राजा, ज्याला कुणी उभं राहत नाही असं मूल उचलतो, आणि एकदा उचललं की तो त्याचा धर्मबाप, चर्चमध्ये आणि चर्चबाहेरही.

तर गावात असं एक मूल आहे. फादर सिल्वेस्टर म्हणतात, परदेशातल्या माणसालाही धर्मबाप होता येतं. त्यानं स्वतःच्या हातानं ‘मला मान्य आहे’ एवढं लिहून पाठवायचं, इथे दुसरं कुणी त्याच्या वतीनं मूल धरतं. नवा राजा होईस्तोवर जुनाच राजा असतो. तेव्हा ती एक ओळ लिही. मूल कुणाचं ते विचारू नकोस.

हे पत्र वाटेत उघडून वाचणाऱ्या साहेबांनाही माझा नमस्कार. यात पक्षाविरुद्ध काही नाही. पोटाबद्दल लिहिलंय ते कुणीही येऊन बघावं.

तुझी बहीण
पेलागिया


कुमोशिन, ५ जुलै १९७०

व्हालेंती,

उत्तर नाही. टपालवाला आता आमच्या फाटकाशी सायकलवरून उतरतसुद्धा नाही, लांबूनच मान हलवून पुढे जातो. त्याच्या त्या मानेचाही मला राग यायला लागलाय.

बरं, सांगते. मूल लुत्सिनाचं आहे. माझ्या लुत्सिनाचं. दुसऱ्या कुणासाठी मी तुझ्यापुढे पदर पसरला असता असं वाटलं का तुला? मुलगा आहे, मे महिन्यात झाला. सरकारी कागदावर काझिमिएश लिहिलंय. सहाशे वर्षांच्या निमित्तानं यंदा कचेरीतली बाई सगळ्यांना तेच नाव सुचवत होती. लुत्सिनाचं लग्न झालेलं नाही. तोंड वाकडं करू नकोस. तुमच्या त्या थोर राजानं चार लग्नं करून गादीला एक औरस मुलगा दिला नाही, आणि बाहेरचे होते त्यांच्या नावे मरताना गावं लिहून गेला. त्याला देश ‘थोर’ म्हणतो. माझ्या पोरीला दुधाच्या रांगेत लोक पाठ करतात.

मुलाला नाही म्हणू नये, धर्मबाप व्हायला बोलावलं आणि नाकारलं तर घराचं वाईट होतं, हे या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तेच गाव आता मला बघितलं की कोंबड्या मोजायला परसात जातं. चुलतभाऊ लुड्विककडे गेले तर तो म्हणाला, “पेला, काय सांगू तुला, माझी पाठ.”

“मूल पाठीनं धरायचं नसतं, लुड्विक. हातानं धरायचं असतं.”

“हात पाठीलाच जोडलेत ना, बाई.”

लोहार म्हणाला, आम्हाला आधीच धर्मपुत्र फार झाले. त्याला एकही नाही. चर्चची घंटा वाजवणारा बुढ्ढा तरी घाबरायचा नाही म्हटलं, त्याचं तर पोटच चर्चवर. तोही जमिनीकडे बघत म्हणाला, “पेलागियाबाई, हिवाळा आपल्या दोघांच्याही घरी येतो.” आणि हे खरंच आहे. कोळशाच्या चिठ्ठीवर सही अध्यक्षांची, खताच्या चिठ्ठीवर सही अध्यक्षांची, ट्रॅक्टर आधी कुणाच्या शेतात जायचा ते अध्यक्ष ठरवणार. हे मूल कुणी हातात धरलेलं अध्यक्षांना आवडणार नाही. का आवडणार नाही, ते मी लिहिणार नाही. तुला अक्कल असेल तर कळेल.

बाळाला काही झालेलं नाही, छान दूध पितं. पण तीन महिने होत आले की गावात बाप्तिस्मा न झालेल्या, बिननावाच्या मुलाबद्दल बोलणं सुरू होतं. लुत्सिना त्याला घेऊन रस्त्यावर जात नाही, मागच्या सफरचंदाच्या बागेत फेऱ्या मारते. काल तिनं विचारलं, “आई, मामाला लिहिलंस का?” मी म्हटलं, लिहिलं. ती बाळाला घेऊन परत बागेत गेली.

शिकागोत ग्विझ्दावाचा कोळसा येत नाही ना? मग तुला कसली भीती वाटते?

पेलागिया


कुमोशिन, ९ ऑगस्ट १९७०

व्हालेंती,

आता काय लपवायचं. झेनेक नाव त्याचं, अध्यक्षांचा एकुलता मुलगा. गेल्या वर्षी सुगीला आमच्याकडे गवत भरायला आला होता. आला तो नुसतं गवत भरून गेला नाही. आता फौजेत आहे, तिकडे उत्तरेला समुद्रावर. जाताना लुत्सिनाला म्हणाला, पत्र लिहीन. तुम्हा पुरुषांना पत्राची काय अॅलर्जी आहे मला समजत नाही. दहा वर्षं शाळेत जाता, बोटं शाबूत असतात, आणि तरी दोन ओळी होत नाहीत.

मी अध्यक्षांच्या कचेरीत गेले. रांगेत उभी राहिले, टोपी हातात धरलेल्या माणसांच्या मागे. माझी पाळी आली तेव्हा ते पेल्यातला चहा ढवळत होते.

“अध्यक्ष, तुमचा नातू आमच्याकडे आहे,” मी म्हटलं.

“बाई, माझा मुलगा लोकसेनेत आहे. तुमच्या माळ्यावर नाही.”

“आता नाही. गेल्या सुगीला होता.”

“पुरावा?”

“येऊन कान बघा. असे कान या जिल्ह्यात आणखी कुणाला नाहीत.”

त्यांचा हात कानाकडे गेला, अर्ध्यावर थांबला. मग ते माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाले, “पुढचा कोण?”

मी बाहेर आले आणि पायरीवर बसून रडले. दुःखानं नाही, संतापानं. मागचा माणूस आत गेला, बाहेर आला, त्याच्या हातात खताची चिठ्ठी होती. तो मला ओलांडून गेला.

आता नाटकाचं ऐक. नाटक लिहिलंय आपल्या हिएरोनिम मास्तरांनी. त्यात राजा वाट चुकून येतो आणि मूल उचलतो तो प्रवेश आहे. मास्तरांना वाटलं होतं, जिल्ह्याहून कापला जाईल. उलट तिकडच्या कॉम्रेडना तोच सगळ्यांत आवडला. राजा आणि जनता यांचं नातं म्हणे यातून दिसतं. फक्त ‘धर्मबाप’ खोडून त्यांनी लाल पेन्सिलीनं ‘पालक’ केलं. ग्विझ्दावा बाहेरचा माणूस. आपल्या गावात मूल उचलण्याचा अर्थ काय होतो, ते त्याला माहीत नाही. आणि त्याला ते सांगणारा एकही माणूस गावात नाही. एरवी एकमेकांच्या चहाड्या करायला धावतात, आता सगळे मूग गिळून बसलेत. तालमीला मास्तर म्हणाले, “मुलाच्या जागी बाहुली चालेल.”

“बाहुली कशाला, मास्तर?” मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “पेलागियाबाई, तुम्ही बोललात ते मी ऐकलेलं नाही.”

फादर सिल्वेस्टर मात्र ऐकायला तयार नाहीत. “ज्या राजानं एका धर्मगुरूला विस्तुला नदीत बुडवून मारवलं, त्याच्या सणाला मी येऊ?”

“पण आपलं चर्च त्यानंच त्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून बांधलं असं म्हणतात ना, फादर?”

“म्हणतात खरं. म्हणूनच गळतं. आणि ऐका, मैदानावर कुणी मूल झेललं काय नि उडवलं काय, तो धर्मबाप होत नाही. या दारातून आत आला तरच.”

म्हणजे एकाला चर्चचं दार चालत नाही, दुसऱ्याला मैदान चालत नाही, आणि मूल मधल्या मधे. तुझी एक ओळ आली तर मला यातलं काहीच करावं लागणार नाही. मला तमाशाची हौस नाही, व्हालेंती.

पेलागिया


कुमोशिन, २९ ऑगस्ट १९७०

व्हालेंती,

पार्सल मिळालं.

मी टपालकचेरीपर्यंत एप्रनसकट धावत गेले हे तुला कळायला हवं. खोका घरी आणून टेबलावर ठेवला, लुत्सिनानं सुरीनं दोरी कापली. कॉफी. बेदाणे. नायलॉनचे दोन पायमोजे. चघळायचं गम. मी एकेक डबा उलटा केला, बेदाणे परातीत ओतले, खोक्याचा तळ उचकटला. एक शब्द नाही. ‘मान्य आहे’ नाही, ‘मान्य नाही’ही नाही. ‘पेला, खड्ड्यात जा’ एवढं लिहिलं असतंस तरी मी फ्रेम करून लावलं असतं.

मी काय मागितलं होतं तुझ्याजवळ? बेदाणे? आमच्याकडे खायला आहे. कोबी आहे, डुक्कर आहे, बटाटा भरपूर आलाय. नाही ते फक्त एक माणूस, जो उभा राहून म्हणेल की हे मूल माझ्या जबाबदारीचं. बेदाणे खसखशीच्या केकात घातले आणि शेजारपाजारी वाटले. मोजे लुत्सिनानं पेटीत टाकले. कॉफी मी पितेय. ती चांगली आहे हेही मला आवडत नाही.

आणि घरात वेगळंच सुरू झालंय. लुत्सिना म्हणते, मी बाळाला त्या नाटकात नेणार नाही. मी म्हटलं, सगळं ठरलंय. त्यावर ती माझ्याकडे इतकं सरळ बघत बोलली की मला बटाटे सोलायचं सोडावं लागलं.

“आई, तुला माझ्या बाळाला धर्मबाप हवाय, का त्या माणसाला चारचौघांत खाली बघायला लावायचंय?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

“मग मी येत नाही. माझं मूल म्हणजे काही कुणाच्या तोंडावर फेकायचा चिखल नाही.”

दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. माझंच खरं, असं मी स्वतःला सांगत होते. पण बाग झाडताना सारखं वाटत होतं की पोरगी बरोबर बोलली. खोटं कशाला सांगू, त्या कचेरीच्या पायरीवर बसल्यापासून मला बाळापेक्षा ग्विझ्दावाचं तोंडच जास्त दिसत होतं. तिसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, तुझ्या मनात काय आहे? ती म्हणाली, “मी स्वतः त्याला नेईन. मी स्वतः देईन. कुणी हसलं तर तिथून निघून येईन. आणि त्यांनी घेतलं नाही, तरीही तू काही बोलायचं नाहीस.”

मी कबूल केलं. माझ्या तोंडाला कुलूप घालायचं म्हणजे काय, ते तुला माहीत आहे.

पेलागिया


कुमोशिन, ८ सप्टेंबर १९७०

व्हालेंती,

झालं. आणि झालं तरी काहीच झालं नाही. नीट सांगते.

रविवारी मैदान भरून गेलं होतं. गव्हाच्या कणसांचं मोठं तोरण, अग्निशामकांचा बँड, पहिल्या रांगेत जिल्ह्याचे कॉम्रेड आपापल्या बायकांसह. ग्विझ्दावा सभागृहाचा लाल मखमली पडदा अंगावर घेऊन आले. मुकुट शेवटी मोजून केला होता, पण वाऱ्यानं हलत होता म्हणून हनुवटीखाली इलॅस्टिक. त्यांनी सांगितलं की मी लाकडाचा देश घेतला आणि दगडाचा करणार. टाळ्या झाल्या. मग मास्तरांनी कर्ण्यातून वाचलं, राजा वाट चुकतो. मग लुत्सिना मंचावर चढली, पांढऱ्या दुपट्यात बाळ घेऊन.

ग्विझ्दावांना बाहुली येणार हे माहीत होतं. बाहुलीनं जांभई दिली. ते बघतच राहिले. टोपडं जरा मागे सरकलं होतं आणि ऊन बाळाच्या कानांवर पडून दोन्ही कान लाल दिसत होते. मी खाली उभी होते, ओठ दाताखाली धरून.  पहिल्या रांगेतले कॉम्रेड उत्साहानं मान हलवत होते: घ्या, घ्या. लुत्सिनानं हात पुढे केले. मास्तरांनी कर्ण्यातून पुढची ओळ दोनदा वाचली. मग ग्विझ्दावांनी बाळ घेतलं. चुकीचं घेतलं, मान लोंबकळत होती. लुत्सिनानं त्यांचा हात धरून मानेखाली सरकवला. “मी याचा पालक,” ते म्हणाले, इतकं हळू की कर्ण्यातूनही ऐकू आलं नाही. बँड सुरू झाला. त्यांनी बाळ परत दिलं आणि उतरून गेले.

काल सोमवारी सकाळी कचेरीसमोर रांग. सगळ्यांत पुढे कोण? लुड्विक, पाठीसकट. टोपी काढून म्हणाला, “नमस्कार, धर्मबाप.” त्याच्या मागचा म्हणाला, “धर्मबाप, धाकटे राजे कसे आहेत?” तिसऱ्यानं विचारलं, बाप्तिस्म्याच्या जेवणाला डुक्कर कधी कापायचं. शेवटी ग्विझ्दावांनी दार बंद करून टंकलेखनाच्या मुलीला विचारलं, हा काय प्रकार आहे? तिनं रडत रडत सगळं सांगितलं.

आज ते आमच्याकडे आले. रस्त्यानं नाही, मागच्या बागेतून. हॅट भुवयांपर्यंत ओढलेली.

“हा काय चावटपणा आहे?”

“गावची रीत आहे.”

“मला आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही कधी विचारलंत? आठ वर्षांत गावाला तुम्ही एकच गोष्ट विचारली, सरकारात धान्य किती घालणार.”

ते बाकावर बसले. मी चहा विचारला नाही. मग म्हणाले, त्यांनी सोय केलीय. पलीकडच्या जिल्ह्यात एक ओळखीचा धर्मगुरू आहे, मधल्या वारी, दार लावून बाप्तिस्मा करून देईल. ते तिथे येतील. “सगळे असंच करतात, बाई. परवा पहिल्या रांगेत बसले होते ना, त्यांच्याही नातवंडांचं असंच झालंय.”

“चोरून बाप्तिस्मा केला तर हे पोर जन्मभर चोरासारखं वागवलं जाईल. जे करायचं ते इथे, रविवारी, सगळ्यांदेखत.”

“मी पक्षाचा माणूस. चर्चमध्ये उभा दिसलो तर माझी नोकरी जाईल.”

“माझ्या पोरीची अब्रू गेली. नोकरी दुसरी मिळते.”

माझी खात्री होती की आता ते ओरडतील. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त हॅट उचलली. आत बाळ कुरकुरत होतं, तिकडे त्यांनी बघितलं नाही. दाराशी जाऊन विचारलं, “झेनेक लिहितो का तुम्हाला?”

“नाही.”

“मलाही नाही,” ते म्हणाले आणि बागेतूनच गेले.

फादरनी चार ऑक्टोबरचा रविवार दिलाय. म्हणाले, धर्मबाप नसला तर धर्मआईवर भागवू, पाणी काही थांबत नाही. धर्मआई मास्तरांची बायको आहे. म्हणजे बाप्तिस्मा होईल. पण पुरुषांतलं कुणी उभं राहिलं नाही असं मूल, हे याच्यामागे जन्मभर लागणार, आणि ते मला सोसत नाही. सगळ्यांत जास्त राग मला त्या माणसाचा येत नाही. तुझा येतो. त्याची निदान नोकरी जाणार आहे. तुझं काय जाणार होतं?

पेलागिया


कुमोशिन, २५ ऑक्टोबर १९७०

व्हालेंती,

आता ओळ पाठवू नकोस, गरज नाही.

आधी नंतरचं सांगते. ग्विझ्दावा आता अध्यक्ष नाहीत. जिल्ह्याला बोलावून त्यांना विचारलं, सगळं नाटकच होतं असं लिहून देता का? त्यांनी दिलं नाही. आता दूध केंद्रावर कॅन मोजायला ठेवलंय. नवा अध्यक्ष तरुण आहे, त्याला मुलंबाळं नाहीत, आणि कोळशाच्या चिठ्ठीवर सही त्याची चालते. गंमत बघ, आता गावात सगळ्यांच्या पाठी बऱ्या झाल्यात. लुड्विक परवा म्हणाला, “पेला, मला एकदा बोलावलं असतंस तर मी आलो असतो की.” माझ्या हातात बादली होती. रिकामी होती, म्हणून वाचला.

मला फार चीड येते, व्हालेंती. सहाशे वर्षं ज्या गावानं ती गोष्ट सांगितली, जत्रेत करून दाखवली, त्या गावातला एक माणूस हलला नाही. माझा सख्खा भाऊ हलला नाही. ही गोष्ट ज्याला ठाऊकसुद्धा नव्हती, तो आला. याच्यात मी आनंद मानायचा की डोकं आपटून घ्यायचं, अजून ठरवता येत नाही. शिवाय आता दर रविवारी त्या माणसाला जेवायला वाढावं लागतं. आंबट सूप त्यांना आणखी आंबट लागतं. बाळाला अजून चुकीचंच धरतात आणि सांगितलं तर ऐकत नाहीत.

तू परत ये असं मी म्हणत नाही. मी रागावलेली आहे आणि बहुतेक तशीच मरेन. पण त्या दिवशी काय झालं ते तुला कळलं पाहिजे, कारण तिथे तू उभं राहायला हवं होतंस.

चार ऑक्टोबरच्या त्या रविवारी मोठी प्रार्थना संपली तरी कुणी घरी गेलं नाही. सगळं गाव बाकांवर बसून राहिलं, बघायला. आम्ही रीतीप्रमाणे बाहेर, दारात. लुत्सिनाच्या हातात बाळ, शेजारी मास्तरांची बायको, मी मागे. फादर आतून उंबऱ्याशी आले. त्यांनी पुस्तक उघडलं आणि विचारलं, “धर्मबाप कोण?”  फादरनी थोडा वेळ दिला. आतून बाक करकरल्याचे आवाज येत होते, लोक माना वळवत होते. मी तोंडाला कुलूप घातलं होतं, नाहीतर तिथल्या तिथे एकेकाचं नाव घेऊन सगळा हिशेब मांडला असता.

मग समोरच्या कचेरीचं दार वाजलं. ग्विझ्दावा चौक ओलांडून आले. रोजच्या जाकिटात, डोक्यावर हॅट नाही, वारा केस उडवत होता. चौक मोठा आहे, ते चालत असेपर्यंत सगळ्यांनी बघितलं. पण पायरीशी येऊन थांबले. बूट पायरीवर, आणि पुढे पाय उचलेना.

“आत येताय?” फादरनी विचारलं.

“माहीत नाही,” ते म्हणाले.

मला वाटलं, झालं, आता फादर त्या बुडवलेल्या धर्मगुरूचं काढणार. पण फादर एवढंच म्हणाले, “हा विधी दारातच सुरू होतो. आहात तिथेच उभे राहा.” आणि लुत्सिनानं, मला न विचारता, बाळ त्यांच्या हातात दिलं.

“या मुलाचं नाव काय ठेवता?”

नाव ठरलेलं होतं. कागदावर काझिमिएश, सणाला काझिमिएश, मेणबत्तीवर मी स्वतः लाल अक्षरांत काझिमिएश लिहून घेतलं होतं. ग्विझ्दावांनी बाळाकडे बघितलं. त्या माणसाचा आवाज आठ वर्षांत मी कधी असा ऐकला नव्हता.

“श्चेपान.”

मला राहवलं नाही. मी मागून त्यांची बाही ओढली. “कोण श्चेपान? हे कुठून काढलंत?”

“माझा बाप,” ते म्हणाले.

लुत्सिना हसली. मे महिन्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. फादरनी पुस्तक मिटलं आणि पाण्याच्या कुंडाकडे चालायला लागले, मागे वळून न बघता. बाळ तर ग्विझ्दावांच्या हातात होतं. त्यांनी खाली बघितलं, पायरी चढले आणि फादरच्या मागे आत गेले.

पेलागिया,
श्चेपानची आजी